रेष सोडल्याबद्दल

चर्चमागे उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये आम्ही तिघं पंच
आणि एक पडदा.
समुद्रावरचा वारा दार वाजवतोय.
बाहेर बटाटे तळल्याचा वास, आणि बँडवाल्यांना
वाजवा की थांबा, कुणी काहीच सांगितलेलं नाही.

पस्तीस वर्षं मी भूमिती शिकवली.
म्हणून असेल,
'स्वाराने आपली रेष सोडू नये'
हा नियम वाचला की माझ्यातली मास्तरीण विचारतेच:
कुठली रेष? आखली कुणी?
रस्त्यावर तर बेकरीसमोरचे पांढरे पट्टे आहेत
आणि गेल्या वर्षी कुणी चुन्याने लिहिलेलं
एका पोराचं नाव, अर्धं पुसलेलं.

पुन्हा लाव.
योरिस बटण दाबतो.
ताशी अडुसष्ट किलोमीटर
गोगलगाईसारखे सरकू लागतात.
लाल जर्सी, झांकेट्टा. मान खाली. डावीकडे येतो.
किती?
योरिस म्हणतो, हातभर.
बेनेडिक्ट म्हणते, छे, वीतभर.
मी पडद्याला पट्टी लावते. तेरा मिलिमीटर.
तेरा मिलिमीटरांमागे बावीस वर्षांचा टिबो क्लारहाउट
ज्याला एक फट दिसली होती.

फट होती. हे लिहून ठेव, योरिस.
एकशे चाराव्या चौकटीत होती,
एकशे अकराव्या चौकटीत नाही.
पापणी लवायच्या आत उघडून मिटलेलं दार.
त्यात शिरलेल्याला आता विचारायचं का,
बाबा रे, आधी कडी वाजवलीस का?

पुन्हा.
मुठी बघ त्यांच्या. जीव मुठीत धरणं
मी आजवर भीतीचं वर्णन समजत होते.
इथे एकाचंही बोट ब्रेकवर नाही.
ज्याचं होतं तो या चित्रात दिसत नाही,
तो बारावा आला,
आणि पुढच्या वर्षी त्याला संघ मिळेलच असं नाही.

मागे जा. अजून मागे.
झांकेट्टा का वळला? पुढच्या वान्नेसने पाय थांबवले म्हणून.
वान्नेसने का थांबवले? दम संपला, काम संपलं.
त्याच्याही आधी वारा, उजवीकडून.
त्याच्याही आधी औषधाच्या दुकानापाशी
दोन मीटर आत आलेला रस्ता,
कारण महापौरांच्या पाहुण्यांसाठी मंडप.
आणि कठडा.
कठड्याचा तो लोखंडी पाय, बाहेर आलेला, चार बोटं.
चाक तिथेच अडकलं.
पायाला दंड करता येत नाही.
त्याच्या पाठीला क्रमांक नसतो.

इतकं मागे गेलं की
मे महिन्यातली एक सकाळ लागते,
ती कुठल्याच कॅमेऱ्यात नाही.
एक बाई हातात वही घेऊन
शेवटचे तीनशे मीटर चालत तपासते आहे.
चालताना रस्ता पुरेसा रुंद होता.
खाली सही आहे. अक्षर माझं,
शाळेत फळ्यावर असायचं तसंच, सुबक.

साडेसहाला निकाल हवा, टीव्हीवाले थांबलेत.
खापर फोडायला डोकं लागतं,
आणि नियमात एकच बसतं.
झांकेट्टा, लाल जर्सी: गटात शेवटचा क्रमांक, पाचशे फ्रँक दंड.
तो दारात उभा. कोपरावर ओरखडासुद्धा नाही,
आणि त्याचीच त्याला लाज वाटत असावी.
'हाताखालून मागे बघितलं होतं मी,' एवढंच म्हणतो.
बघितलं होतंस. चौकट अठ्ठ्याण्णव.
तेव्हा मागे कुणी नव्हतं.
हे त्याला सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, मी सांगितलं नाही.

रुग्णालयातून फोन: हसळी, जबडा, शुद्धीवर आहे,
'कितवा आलो' विचारतोय.

बाहेर लीव्हन कठडे मोजून ट्रकवर चढवतोय.
नगरपालिकेचा माणूस, विड्या स्वतः वळतो.
एक कठडा बाजूला काढून मला दाखवतो,
पाय वाकलेला, त्याला निळ्या रबराचा घासलेला डाग.
'हा ठेवू की भंगारात टाकू, मादाम?'
मी पायाशेजारी माझी चार बोटं धरून बघते.
बरोब्बर चार.
मी काही बोलत नाही म्हणून
तो हातोडीने दोन ठोके घालतो, डोळा बारीक करून बघतो,
आणि ढिगात सगळ्यांत खाली सरकवतो.

रविवारी शेजारच्या गावी शर्यत आहे.
कठडे हेच.